बाळंतिणीचा डबा

पाइनची पट्टी उकळत्या पाण्यातून काढली, की ती वाकवायला फार थोडा अवधी मिळतो. तेवढ्यात साच्याभोवती फिरवून चिमट्यात धरली नाही, तर लाकडाला आपला सरळपणा आठवतो आणि मग ते ऐकत नाही. सुन्निवाला हे वडिलांनी शिकवलं होतं. त्यांना मुलगा नव्हता. त्यामुळे रंधा, पटाशी आणि डब्याची शिवण घालताना झाडाची मुळं ओवायची आरी तिच्याकडे आली. तेलेमार्कच्या त्या दरीत कुणाला लग्नघरी किंवा बाळंतिणीकडे खाणं न्यायचा लाकडी डबा हवा असला, की लोक तिचंच दार वाजवत.

या वेळचा डबा तिच्या लेकीसाठी होता.

मारित दरीच्या वरच्या अंगाला, नवऱ्याच्या, हाल्वोरच्या घरी होती. दिवस भरत आले होते. ही तिची तिसरी खेप. पहिला मुलगा रडलाच नाही. दुसरी मुलगी बाप्तिस्म्यापुरती राहिली. दोन्ही वेळा सुन्निवा डबा घेऊन गेली होती आणि दोन्ही वेळा बायकांनी त्यातलं मुकाट्याने खाल्लं होतं.

शिवण घालायच्या दिवशी गुरो आली. दरीतली निम्मी मुलं गुरोच्या हातांत जन्मली होती आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल तिला काही ना काही म्हणायचं असे. ओंडक्यावर बसून ती बर्चच्या मुळांची साल काढू लागली.

"इतके बारीक टाके कशाला? पोळ्या न्यायच्यात, राजाचा मुकुट नाही."

"सैल जोड उन्हात उघडतो."

"बापावर गेलीयेस. तो स्वतःच्या शवपेटीचा जोड तपासून मगच आडवा झाला असेल."

सुन्निवा हसली. मूळ ओलं होतं तोवर तिने ते भोकातून ओढून घट्ट आवळलं.

"आणि झाकण?" गुरोने विचारलं.

"उद्या कोरते."

"कोर हवं तेवढं. पण लावू नकोस. बाळ रडल्याची बातमी आल्याशिवाय नाही. रिकाम्या डब्यावर तर मुळीच नाही."

"मला सांगतेस?"

"तुलाच सांगते. बाकीच्यांचे हात असे शिवशिवत नाहीत."

असं का, हे गुरोने सांगितलं नाही. कुणीच कधी सांगत नसे. चुलीवरून पाय टाकू नये, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी सुन्निवाने झाकण कोरलं. मधोमध सहा पाकळ्यांचं फूल, कडेने नखाएवढ्या खाचा, आणि फुलाखाली नावाच्या अक्षरांसाठी मोकळी जागा. लिंडनचं लाकूड मऊ होतं. पटाशी त्यातून लोण्यातून जावी तशी जात होती. दुपारच्या उन्हात ढलप्या पायाशी गोळा होत राहिल्या. तिला मध्येच झोप आल्यासारखं वाटलं, पण हात थांबले नाहीत.

डब्याच्या दोन टोकांना दोन उभ्या खुंट्या होत्या. झाकण त्यांच्या खाचांत दाबून बसवायचं आणि काढताना एक खुंटी अंगठ्याने बाहेर रेटायची. ही पकड सैल असली, तर चढावर झाकण निसटतं. मागच्या खेपेला तसंच झालं होतं. वरच्या दोन पोळ्या चिखलात पडल्या होत्या आणि ती मुलगी गेली, तेव्हा शेजारच्या एका बाईने त्या पोळ्यांची आठवण काढली होती. आता सुन्निवा झाकण वर धरून डोळ्यांनी जोखत होती आणि उजवी खुंटी तिला किंचित बाहेर झुकलेली वाटत होती. वाटणं म्हणजे मोजणं नव्हे. तिने झाकण ठेवलं आणि दाबलं.

टक.

आवाज स्वच्छ होता. पकड हवी तशी होती. तिने लगेच खुंटी रेटून झाकण काढलं. आत गुळगुळीत तळ होता आणि एक चुकार ढलपी. ती फुंकर मारून तिने उडवली.

नवा डबा वाळतो तसा हलका होत जातो. पाणी निघून जातं, उरतं ते लाकूड. पण काही दिवसांनी जवसाचं तेल लावायला तिने डबा उचलला, तेव्हा मनगट अनपेक्षितपणे खाली गेलं. हवा दमट आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. मग दांड्यावर दोरी सरकवून तोलायचा भिंतीवरचा लाकडी हातकाटा काढून तिने डबा त्याला टांगला आणि दोरी थांबली तिथे खुणेची रेघ ओढली. डबा शेगडीजवळ ठेवला. पुन्हा तोलला, तेव्हा दोरी पहिल्या रेघेच्या बरीच पुढे सरकवावी लागली.

तिने टाके पाहिले. घट्ट होते, कोरडे होते. तळ ठोकून पाहिला. आत हात घातला, तर हाताला काहीच लागलं नाही. फक्त तिथली हवा शेगडीजवळच्या हवेपेक्षा थोडी जास्त उबदार होती, आणि राळेच्या वासाखाली दुसरा एक वास होता. तो तिला ओळखीचा होता, पण लाकडाचा नव्हता.

डबा तिरका केला, की आतला भार एका बाजूला जाई. घरंगळून नाही, सावकाश. झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

त्याच आठवड्यात मारित आली. चालत आली. चढ-उतार, ओढ्यावरच्या फळ्या, सगळं ओलांडून, हातात जंगली फुलं घेऊन.

"आई, तू अशी बघतेस जणू मी भूत आहे."

"हाल्वोरने गाडी नाही जोडली?"

"जोडत होता. मीच म्हटलं, राहू दे. मागच्या दोन्ही वेळा अंथरुणातून उठवत नव्हतं मला. आठवतंय ना, पायात शिसं ओतल्यासारखं? आणि आता बघ." ती एका पायावर गिरकी घेऊन थांबली. पोट चांगलं मोठं होतं. "काही उचललंय असं वाटतच नाही."

"हालचाल होते ना?"

"रात्रंदिवस. माशासारखा फिरतो."

सुन्निवाने तिच्या पोटावर हात ठेवला. तळव्याखाली काहीतरी सळसळलं आणि गेलं. बाकावरचा डबा तिने तोवर आपल्या अंगाआड घेतला होता.

"हाच का माझा? दाखव तरी."

"अजून ओला आहे," सुन्निवा म्हणाली. लेकीशी ती खोटं बोलत नसे. मारितने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसून सोडून दिलं.

ती गेल्यावर सुन्निवाने डबा झाकणासकट शेगडीसमोर नेला. शेगडीचं दार उघडलं. ज्वाळांचा उजेड सहा पाकळ्यांवर हलत होता. लाकूडच तर आहे, जाळायला कितीसा वेळ लागणार? पण दोन्ही हातांवर तो भार जसा विसावला होता, तसं विसावलेलं काही आगीत टाकायला हात धजत नाहीत. तिने दार लावलं.

मग तिने विचार केला, शाळेत गणिताचा करत तसा, पायरीपायरीने. डब्यात जो भार आलाय, तो मारितच्या पोटातून आलाय. तर तो तिथे परत नेता येईल. बाळंतिणीचा डबा बाळंतीणच उघडते, पहिला घास तिचा असतो. पोळ्या भरल्या की तोवर झाकण बंद ठेवायचं आणि आतलं कणभरही सांडू द्यायचं नाही. तिला हे पटलं. पटण्याजोगं दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

हाल्वोर आला तो एका सकाळी, डोक्यावर टोपी नाही, अंगरख्याची बटणं चुकीच्या काजांत.

"मुलगा, सासूबाई. रडतोय. गुरो म्हणते, असा आवाज तिने पाद्रीबाबांचाही ऐकला नाही."

"मारित?"

"भूक लागलीय म्हणते."

सुन्निवाने बटाट्याच्या मऊ पोळ्या लोणी-साखर लावून घडी घातल्या, तपकिरी चीजचा तुकडा ठेवला आणि झाकण दाबलं. हाल्वोर डबा घ्यायला पुढे झाला. "राहू दे, मीच नेते," ती म्हणाली. पोळ्यांचं वजन तिला माहीत होतं. चढावर तिने डबा कितीदा या हातातून त्या हातात घेतला, आणि शेवटी दोन्ही हातांनी छातीशी धरला.

घरात शेजारच्या बायका जमल्या होत्या. बाळ पाळण्यात झोपलं होतं. मारित उशांना टेकून बसली होती, गाल लाल, केस विस्कटलेले. तिने खुंटी अंगठ्याने रेटली. झाकण उघडलं. सुन्निवाने वाकून आत पाहिलं.

पोळ्या होत्या. लोणी वितळून घडीतून ओघळलं होतं.

मारितने पहिला घास घेतला. मग डबा फिरला. आणणारीने खायचं नसतं, म्हणून सुन्निवा उभी राहिली. बायका बोटं चाटत होत्या, बाळाच्या नाकावरून वाद घालत होत्या, हाल्वोरच्या बटणांना हसत होत्या. या घरात असं हसणं तिने वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

रिकामा डबा तिच्याकडे परत आला. तिने तो एका हाताने घेतला.

हलका होता. वाळलेल्या पाइनइतका, एखाद्या पक्ष्याच्या घरट्याइतका हलका. तिने तो तिरका केला, वास घेतला. लोणी आणि राळ. आतली ऊबही गेली होती. तिने डोळे पुसले आणि कुणी पाहिलं नाही ना, ते पाहिलं.

"काय गं केलंस पोळ्यांना?" बाकावरून गुरो म्हणाली. ती दोन्ही हात पोटावर ठेवून मागे रेलली होती. "दोनच खाल्ल्या, आणि उठवत नाहीये मला."

"मलाही," शेजारची बाई जांभई देत म्हणाली. "शिसं ओतल्यासारखं झालंय."

मारितचे डोळे मिटत आले होते. तिने हात उचलायचा प्रयत्न केला आणि तो दुलईवर तसाच पडू दिला. "आई," ती झोपाळू, तृप्त आवाजात म्हणाली, "बघ ना त्याला."

सुन्निवा पाळण्याकडे वळली.

मुलगा जागा होता. छान गुलाबी होता. छाती वरखाली होत होती, मुठी उघडत-मिटत होत्या.

त्याच्या डोक्याखालची पिसांची उशी मात्र नुकतीच झटकून ठेवावी तशी फुगलेली होती. डोकं टेकलं होतं तिथेही तिच्यावर खळगा पडलेला नव्हता.