काय गेलं तुझं?

बसा रे, जवळ सरकून बसा. मोबाईल खिशात घाला, नाहीतर उठा इथून. या लालमहंमदनं उभी हयात एसटी हाकली, रात्रीबेरात्री नाही नाही त्या रस्त्यांनी गेला, पण भूत म्हणून काही दिसलं नाही. खोटं कशाला बोलू? हे घडलं ते अक्रमला. आपल्या गल्लीत जळालेल्या मोटरी भरून देतो तो अक्रम. त्याच्या तोंडून ऐकलं, मग बिरूच्या बायकोकडूनही ऐकलं. दोघांचं सांगणं जुळलं, म्हणून सांगतो.

चोवीस सालची येळवस, रानात जेवायची वेळ अमावास्या. सोमवारी आली होती, म्हणजे सोमवती अवस. डिसेंबर सरत आलेला, थंडी मी म्हणत होती. अक्रम घरून निघाला तो बिरूची विहिरीवरची मोटर पोचती करायला. बिरू त्याचा शाळेपासूनचा यार, जातीचा धनगर. थोडी मेंढरं आणि नदीकाठी थोडं रान. धरण भरलं की फुगवट्याचं पाणी त्याच्या बांधाला लागतं. वाडीचं नाव विचारू नका. अणदूरपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

येळवशीला रानात आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जातो होय? बिरूच्या बायकोनं, बानूबाईनं, भज्जी-भाकरी वाढली, नको नको म्हणेपर्यंत आंबील पाजली. पोरगी ज्ञानेश्वरी, असेल पाच-सहा वर्षांची, अक्रमच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. मोटर राहिली बाजूला, दिवस गेला हसण्यात.

आता या दोघांचं वेड ऐका. अक्रमनं मोबाईलवर व्हिडिओ बघून सोलापूरकडून एक जुनी कयाक आणली होती. लांबुळकी, पिवळीधमक, प्लास्टिकची होडीच म्हणा, मागंपुढं दोघं बसतील एवढी. वाडीनं तिचं नाव काकडी ठेवलं. काकडी बिरूच्या रानातल्या गोठ्यात राहायची आणि सवड मिळाली की हे दोघं तीत बसून मासे धरायला जायचे. बिरू तसा दिलदार, पण वस्तूच्या बाबतीत महाचिकट. एक गळ मुळीत अडकला तर अर्धा दिवस सोडवत बसेल, पण दोरी तोडणार नाही. नवा रॉड घेतला होता, त्याला बायकोच्या जुन्या साडीची पिशवी शिवून घेतली होती. अक्रमलाही हात लावू द्यायचा नाही.

ऊन कललं तशी त्याला हुक्की आली.

"मरळ लागंल बग आज," तो म्हणाला.

"अवस हाय आज. पाण्यात कशाला जाताय?" बानूबाई भांडी आवरता आवरता म्हणाली.

"मंग अवशीला मासे काय उपास धरत्यात व्हय?"

बानूबाईला हसू आलं नाही. तिनं अक्रमकडं बघितलं. "अक्रमभाऊ, ह्यांचं म्या काय बोलू? पर तुमी ह्यास्नी घरी घिऊन या. अंधारात एकटं सोडू नगा."

"आणतो वहिनी. आपली जबान हाय," अक्रम म्हणाला.

ती पोरीला घेऊन शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर वाडीत गेली. आणि हे दोघं काकडी घेऊन पाण्यात.

मरळ काही लागली नाही. दोन-चार चिलापी मिळाल्या, त्याही बोटभर. दिवस बुडाला, वारा सुटला. परतायचं ठरलं, आणि नेमका बिरूचा गळ एका बाभळीत अडकला. धरणात बुडालेली झाडं ती, वठलेले बुंधे अजून पाण्याबाहेर डोकावतात.

"तोड दोरी," अक्रम म्हणाला.

"तोड? फुकाट आलीय व्हय?"

आणि हा बहाद्दर काकडीत उभा राहिला! उभं राहू नये हे त्यानं शंभर व्हिडिओंत ऐकलेलं. काकडी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली आणि पालथी झाली. रॉड, गळांचा डबा, टॉर्च, दोघांचे मोबाईल, अक्रमच्या फटफटीची चावी, चपला, सगळं एका दमात तळाला. लाइफ जॅकेटं होती की. गोठ्यात, खुंटीला.

पाणी असं गार की अक्रमचा श्वास अडकला. काठ कुठं ते दिसेना. नुसते हातपाय मारत राहिला. शेवटी पायाला गाळ लागला, तसा रांगत वर आला आणि ओरडला, "बिऱ्या! ए बिऱ्या!"

"हूं."

अगदी शेजारून. बिरू काठावर उभा होता, त्याच्या आधी बाहेर आलेला. अक्रम तिथंच चिखलात बसला आणि पोरासारखा रडला. जीव वाचल्यावर माणूस रडतोच, त्यात लाज कसली?

"मोबाईल गेला रं माजा," तो म्हणाला. "चावी गेली. आता गाडी काय ढकलत न्यायची?"

"चल घरी," बिरू म्हणाला. आणि चालायला लागला.

रानातून वाडीकडं जायला कालव्याच्या कडेनं कच्चा रस्ता आहे. वाटेत ना घर ना दिवा. अवसेचा अंधार, नुसती पुढच्याची आकृती दिसावी एवढाच उजेड चांदण्यांचा. बिरू पुढं, अक्रम मागं. अक्रमचे दात वाजत होते. पायात चप्पल नाही, खडे रुततायत, बाभळीचे काटे घुसतायत. दर चार पावलांना तो आई गं म्हणून थांबायचा. पुढचा थांबत नव्हता.

रुसला असेल, अक्रमला वाटलं. स्वतः उभा राहिला आणि आता माझ्यावर राग काढतोय.

"बोल की रं कायतरी. चूक तुजीच हाय."

बिरू चालतच राहिला.

थोडं पुढं गेल्यावर अक्रमच्या ध्यानात आलं, हा कापत नाही. अंगावरचे कपडे चिंब, वरून वारं, आणि हा कसा उन्हात चालल्यासारखा चालला होता. काटा लागला म्हणून एकदा पाय उचलला नाही त्यानं.

मग त्यानं विचारलं. पुढं बघतच.

"घरी कोन कोन हाय?"

"आं? अरं, वहिनी हाय, ज्ञानी हाय. डोक्याला लागलं का तुज्या?"

नुसता वारा. मग...

"दार कोन उघडंल?"

पोरांनो, तिथं अक्रमनं दोन पावलांचं अंतर ठेवलं. डोक्याला मार लागला असेल, असं तो मनाला सांगत होता. पण मन ऐकेना. आणि त्याला गंगम्मा आठवली.

गंगम्मा म्हणजे पुलाजवळ मासे विकायला बसते ती म्हातारी. सारी जिंदगी पाण्यावर गेली तिची. पावसाळ्यात एकदा अक्रम हवा भरलेल्या ट्यूबवरून पाण्यात पडला, गटांगळ्या खात काठाला आला, तर ही बया हात द्यायचा सोडून विचारते, "काय गेलं तुझं?" अक्रम भडकला. चप्पल गेली, जाळी गेली, आणि तू हसतीस काय, असं ओरडला. तेव्हा कुठं तिनं हात दिला. वर म्हणाली, "लेकरा, पाण्यातनं आलेल्याला आदी हेच इच्यारायचं असतंय. जित्ता माणूस चपलीला बी रडतंय. ज्याचं कायच गेलं न्हाय, त्याला घरी न्यायचं नसतंय." अक्रमनं ते सगळ्या गल्लीला हसून हसून सांगितलं होतं.

आता हसू येईना. तरी त्यानं विचारलं.

"बिऱ्या... काय गेलं रं तुजं?"

पुढची पावलं थांबली नाहीत.

"काय न्हाय गेलं."

"तुजा रॉड? नवा?"

"काय न्हाय गेलं. समदं हाय."

...

अक्रम थांबला.

पुढं वाडीचे दिवे दिसत होते. पहिलंच घर बिरूचं. तिथं बानूबाई, तिथं ती पोर. आणि हे जे काही होतं, ते नीट त्या दिशेनं चाललं होतं. मग बिरू कुठं? खरा बिरू कुठं? तो पाण्यात असेल तर अशा गारठ्यात किती वेळ टिकेल? वाडीत जाऊन माणसं गोळा करेपर्यंत उशीर होईल. आणि मागं फिरावं, तर या... याला त्या दाराशी एकटं जाऊ द्यायचं? वहिनीला दिलेली जबान एकच होती, पण ती दोन्ही बाजूंनी ओढत होती.

"या अल्लाह, त्या घराला सांभाळ," एवढं म्हणाला आणि मागं पळत सुटला.

त्यानं एकदा वळून बघितलं. ते थांबलं नव्हतं. त्यानं मागं पाहिलंसुद्धा नव्हतं. चाललंच होतं.

काठावर येऊन अक्रम घसा फाटेस्तोवर ओरडला. काही नाही. पुन्हा ओरडला. पाणी काळं, गप्प.

मग लांबून, त्या बाभळीच्या बाजूनं, बसलेल्या आवाजात...

"अक्रम्या... माजा रॉड गेला रं..."

अक्रम सांगतो, उभ्या जन्मात इतकं गोड काही ऐकलं नाही. रडत रडतच तो पाण्यात शिरला. पालथी काकडी काठाशी लागली होती, तिच्यावर छाती टेकून ढकलत गेला. बिरू बुंध्याला मिठी मारून होता. बोटं आखडलेली, एकेक करून सोडवावी लागली. ओढत काठाला आणला. दुपारच्या चुलीत अजून विस्तव होता, त्यावर कडबा टाकून जाळ पेटवला. बिरूला कंठ फुटेस्तोवर मध्यरात्र उलटली.

"म्या हाका मारत हुतो तुला," तो म्हणाला. "तू कुनाशी बोलत गेलास रं?"

अक्रमनं दोन शब्दांत सगळं सांगून टाकलं.

"बिऱ्या, उठवतंय का तुला? घरी जायचं. आत्ता."

कसे आले, त्यांचं त्यांना ठाऊक. अर्धी वाट अक्रमनं त्याला पाठीवर घेतला. रस्त्यात कुणी भेटलं नाही. तांबडं फुटायला आलं तेव्हा ते दारात होते. दार बंद. आतून कडी. अक्रमनं हाका मारल्या, तशी बानूबाई उठून आली. नवऱ्याचा अवतार बघून तिनं कपाळावर हात मारला.

"वहिनी, रात्री कुणी आलं हुतं का?" अक्रमनं विचारलं.

"कोन येनार? म्या वाट बगून बगून आडवी झाले. कडी आता काढली न्हवं का तुमच्यासमोर."

"दार वाजलं?"

"न्हाय की. काऊन इच्यारताय?"

अक्रमचा जीव भांड्यात पडला. तो उंबऱ्यावरच बसला आणि खुदकन हसला. बिरूही हसला. बानूबाईनं दोघांना शिव्या घातल्या, अवसेला घातल्या, काकडीला तर जास्तच घातल्या, आणि चहा ठेवायला निघाली.

बिरू पोरीजवळ जाऊन बसला. गोधडीतून नुसता मुखडा बाहेर. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. पोरगी झोपेतच हसली. डोळे उघडले नाहीत.

"पप्पा," ती म्हणाली, "आता गरम हाय तुमचा हात."

चुलीवरचं आधण तेवढं वाजत होतं.

बानूबाई परत आली. खाली बसली. पोरीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला... आणि तो तिथंच राहिला. केस मुळापासून ओले होते, कुणी ओला हात रातभर फिरवत बसावं तसे. पिळले असते तर पाणी निघालं असतं. गाळाचा वास येत होता.

तिनं उशी चाचपली. गोधडी चाचपली.

कोरडी.