नऊ नंबरची पवनचक्की

मोबाइल ठेवा जरा. हे माझ्या साडूचं, गिरधरचं सांगतोय. अजून आहे तो दोंडाईचात, जाऊन विचारा.

मागच्या वर्षी दिव्यांची अमावस्या गुरुवारी आली होती. त्याच्या जोडीला काम करणाऱ्या अभिमनच्या घरी पूजा, म्हणून त्याची रात्रपाळी गिरधरनं घेतली. त्याच्या बायकोनं, बेबाबाईनं डबा दिला, हा साक्रीकडच्या पठारावर गेला. तिथल्या पवनचक्क्यांची वीज सांभाळायचं त्याचं काम.

वारा नुसता सुटला होता. पावसामुळे शेतातल्या मोटारी बंद, विजेला गिऱ्हाईक नाही. आणि वीज काही पोत्यात भरून ठेवता येत नाही. लागते तेवढीच लाइनवर सोडायची. जास्त झाली, की सगळंच कोलमडतं.

साडेनऊला वरच्या कंट्रोल रूममधून फोन आला. "सगळ्या पवनचक्क्या थांबवा."

यानं थांबवल्या.

थोड्या वेळानं परत फोन. "गिरधरभाऊ, तुमच्याकडून वीज येतेच आहे."

त्यानं पाहिलं. नऊ नंबरचा मीटर पळत होता.

"तिच्या बुडाशी जाऊन स्विच तोडा तिचा, लाइनच बंद करा. लवकर. नाहीतर धुळ्यापर्यंत अंधार होईल."

तो मोटारसायकलवर निघाला. नऊ नंबर म्हणजे... आदल्या पावसाळ्यात त्यांच्यातला मेकॅनिक प्रेमराज तिथंच पडून गेला होता. दुरुस्ती करून शिडीनं उतरताना लाइन गेली. आतले दिवे विझले. अंधारात पाय चुकला.

गिरधरनं वर टॉर्च मारली. पाती थांबलेली. अगदी गप्प.

दार मात्र उघडं. आत शिडीवर उजेड.

तो उंबऱ्यावर उभा राहिला. स्विचवर हात ठेवला, तोच वरून आवाज आला...

"भाऊ... लाइट बंद नको करू. मी उतरी ऱ्हायनू."

खिशात फोन वाजायला लागला. तोडलं नाही, तर गावंच्या गावं अंधारात. तोडलं, तर...

गिरधरला रडू फुटलं. म्हणाला, "उतर, भो. मी शे आठे." आणि स्विचवरचा हात काढून तिथंच थांबला.

पावलं वाजायला लागली. शिडीचं लोखंड थरथरत होतं.

एक पाऊल. मग दुसरं.

दिसत कुणीच नव्हतं.

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

पावलं खालच्या पायरीवर आली... थांबली.

दिवे आपोआप विझले.

गिरधरनं फोन उचलला. पलीकडचा म्हणाला, "हां, झालं शून्य. वाचलो. तोडायला इतका उशीर का लावलात?"

यानं स्विच तोडलाच नव्हता.

सकाळी घरी आला. बेबाबाईनं सदरा धुवायला घेतला. डाव्या खांद्यावर ग्रीसचा काळा पंजा. अख्खा, पाचही बोटं पुढं छातीकडं वळलेली. घासून घासून तिचे हात सोलले, निघाला नाही. मी डोळ्यांनी पाहिलाय तो.

शिडी गिरधरच्या समोर होती, बरं का. पाठीमागं उघडं पठार, तिथं चिटपाखरू नाही.

पंजा मागून ठेवलेला होता.