मऊ बरगडी

पुढे सरका रे, आणि तो मोबाइल खिशात घाला. माझ्या दोस्ताची गोष्ट आहे, शपथेवर सांगतो. हॉस्पिटलच्या शवागारात तो प्रेतांना टाके घालायचा, म्हणून सगळे त्याला शिंपी म्हणायचे. "आपलं गिऱ्हाईक कधी कुरकुरत नाही," असं हसत सांगायचा.

चौदा नोव्हेंबर. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो एका म्हाताऱ्याचं प्रेत धुवायला गेला. सकाळी सहाला दहनाला द्यायचं होतं. म्हाताऱ्याच्या मेंदूत गाठ होती, पण बरगड्याही मोडलेल्या निघाल्या. तीन. डॉक्टरांनी लिहून टाकलं, मारहाण. घरी त्याचं करायला एकटा मुलगा. पोलिसांनी त्यालाच कोठडीत घातलं.

आदल्या दुपारी टाके घालताना शिंप्याच्या बोटांना बरगडी मऊ लागली होती, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. "साहेब, हाडातही गाठ असेल का?"

"डोक्यातली गाठ डोक्याबाहेर जात नाही. तू सुई चालव."

त्याने चालवली. पण मन खात होतं. सकाळी प्रेत जळलं की पोराचा पुरावाही जळणार.

तळहातापासून पायापर्यंत सगळं धुऊन झालं. शेवटी छातीवर फडकं ठेवलं, आणि...

त्याचा हात धरला गेला.

म्हाताऱ्याने. डोळे मिटलेलेच.

"बाबा... सोडा..."

कट्. करंगळी मोडली. कट्. दुसरं बोट. शिंप्याने डाव्या हाताने ठोसे हाणले. म्हाताऱ्याचा दात पडला. पकड सुटेना. त्याने शिंप्याची मान धरली, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. रक्त डोळ्यांत.

मग शिंप्याचा कान स्वतःच्या छातीवर दाबला... आणि तसाच धरून ठेवला.

"कळलं... माझं चुकलं, बाबा... बरगडी कापतो..."

पकड सुटली.

डाव्या हाताने टाके उसवले. बरगडी नुसत्या दाबाने तुटली. आत हाड कमी, करडा गर जास्त.

सकाळी डॉक्टर आधी बरसले. मग मायक्रोस्कोपखाली पाहिलं. डोक्यातलीच गाठ, हाडांत उतरलेली. बरगड्या साध्या खोकल्यानेही मोडल्या असत्या.

दोन दिवसांनी मुलगा सुटला, बापाला न्यायला आला.

"काका, चौदा तारखेच्या पहाटे कोठडीबाहेर कुणीतरी तासभर गज हलवत होतं. मी घाबरून तोंडावर चादर घेतली..."

शिंप्याने प्रेतावरचं कापड सारलं. म्हाताऱ्याचे तळहात वर होते, त्याने स्वतः धुतलेले.

दोन्हींवर गंजाचे आडवे पट्टे होते.