सुतारकाकांचा गुडघा

आमच्या दवाखान्यात एक्स-रे मी काढते. सुतारकाका कामावर शिडीवरून पडले आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्यावर गुडघा टेकतो, तेच खचलं. डॉक्टरांनी प्लेट आणि सहा स्क्रू बसवले. "चालाल, पण गुडघा पूर्वीसारखा वाकेल असं काही सांगता येत नाही," असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं.

पंधरा दिवसांनी काका काकूंच्या खांद्यावर भार टाकत फोटो काढायला आले. स्क्रीनवरचे स्क्रू मोजून म्हणाले, "आठ तरी मारायचे होते!"

"उरलेले दोन तुमच्या डोक्यात मारते, होतील आठ," काकू म्हणाल्या.

मला हसू आवरेना. तेवढ्यात गुडघ्याखाली पुसट रेघा दिसल्या. मशीनची पाटी पुसून पुन्हा फोटो काढला. रेघा तिथेच होत्या.

दीड महिन्याने आले तेव्हा त्या स्पष्ट झाल्या होत्या. पाच बोटं. गुडघ्याला खालून आधार दिलेला पंजा, करंगळी मधल्या पेरात वाकडी. फोटो काढताना काकांचे दोन्ही हात पोटावर होते, काकू दाराबाहेर.

मी मशीन तपासून घेतलं. काही दोष नव्हता. डॉक्टर "सावली असेल" म्हणाले, पण तो फोटो त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

काका मात्र स्क्रीनजवळ सरकले.

"आई आहे ही. करंगळी दारात चेमटली होती तिची. मी आजारी पडलो की अशीच गुडघ्याखाली हात घालून बसायची."

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

काकू काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "सासूबाई, जेवणखाण मी बघते. तेवढा गुडघा तुम्ही सांभाळा."

काकांनी डोळे पुसले.

चौथ्या महिन्यात गुडघा पुरता वाकला. डॉक्टर चकित झाले. फोटोत हाड छान भरलेलं होतं आणि पंजा नव्हता.

"गेल्या वाटतं," काकू हळूच म्हणाल्या.

तुलनेसाठी चांगल्या पायाचाही फोटो काढला होता. तो स्क्रीनवर उमटला तेव्हा दोघं बाहेर बसले होते. काकू वाकून काकांच्या बुटाची नाडी बांधत होत्या, काका त्यांना चिडवत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. पण सांगणार काय?

पंजा धडधाकट गुडघ्याखाली होता.

या वेळी तो नुसता टेकलेला नव्हता. बोटं हाडाभोवती घट्ट आवळलेली होती.