दोन शून्यांची पेठ

प्रयोगशाळेच्या भिंतीएवढ्या पडद्यावर रंगारी पेठ भर सकाळची दिसत होती. खरी पेठ तिथून अडीच किलोमीटरवर, सोलापूरच्या गावभागात होती. पडद्यावर होती ती तिची जुळी. दोनशे चौदा दुकाने, त्यांच्या पायऱ्या, पायऱ्यांखाली बसवलेले पाऊलमापक, आणि गेल्या तीन वर्षांत त्या पायऱ्या चढलेल्या माणसांच्या सवयी, हे सगळे या जुळ्या पेठेत भरलेले होते. डॉ. पद्मजा येमूलने त्यातली दोन दुकाने निवडली आणि पुसून टाकली.

"दोन्ही एकदम?" शेजारी बसलेल्या मकरंद बिराजदारने विचारले. "मंडळाच्या नियमात एका वेळी एकच बसतं."

"नियम मला पाठ आहे. मीच लिहिलाय."

चाचणीला चार मिनिटे लागत. तेवढ्यात जुळ्या पेठेची दोन वर्षे सरत. पहिल्या महिन्यात काही झाले नाही. दुसऱ्या महिन्यात मागच्या बोळांतल्या एकेचाळीस शिंप्यांपैकी सहा जण कमी झाले, कारण एका अस्तरासाठी आणि चार बटणांसाठी त्यांना स्टेशनपर्यंत जावे लागत होते. मग शिंपी भराभर गेले. शिंपी गेल्यावर कापडवाले, कापडवाल्यांमागून चहावाले, इस्त्रीवाले, फॉल-पिको करणाऱ्या बायका. चौथ्या मिनिटाच्या शेवटी पडद्यावर सत्त्याण्णव दुकाने उरली होती.

पुसलेली दोन दुकाने समोरासमोर होती: वीरभद्र हत्तुरे यांचे आणि नसीम शेख यांचे. दोन्हीकडे एकच माल. दोरे, बटणे, चेन, लेस, अस्तर. पेठेत एकाला सगळे हत्तुरेअप्पा म्हणत, दुसरीला नसीमआपा. पद्मजाची आई मागच्याच एका बोळात ब्लाऊज शिवायची आणि जुळत्या रंगाच्या रिळासाठी पद्मजाला दिवसातून तीन वेळा पिटाळायची. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता या दोन्ही दुकानांना सील लागणार होते. त्यांच्यासोबत आणखी एकोणतीस दुकानांना. आज बुधवार होता.

आणि हे सगळे पद्मजाच्या चाचणीच्या आधाराने होणार होते. याचाच तिला संताप होता.

सहा वर्षांपूर्वी तिने वजा-चाचणी तयार केली ती दुकाने वाचवण्यासाठी. कल्पना साधी होती. जुळ्या पेठेतून एक दुकान वजा करायचे आणि बाकीच्या पेठेची वर्दळ किती घटते ते मोजायचे. ती घट म्हणजे त्या दुकानाचा आधारांक. पिठाच्या गिरणीचे भाडे कोपऱ्यावरच्या कॉफीघराच्या निम्मेही नसेल, पण गिरणी हलली तर शेजारची सात दुकाने बसतात, हे तिला आकड्यात दाखवायचे होते. ते तिने दाखवले. बाजारपेठ नियोजन मंडळाने प्रणाली आनंदाने घेतली आणि उलटी धरली: ज्यांचा आधारांक शून्य, त्यांचा परवाना रद्द. मोकळ्या होणाऱ्या गाळ्यांसाठी मोठ्या साखळी-दुकानांच्या अर्जांची चळत आधीच तयार होती.

"पण शून्य आला कसा?" मकरंद म्हणाला. तो अक्कलकोटचा, ही पेठ त्याला पडद्यापुरतीच माहीत. "दिवसाला दीडशे माणसं चढतात एकेका दुकानात."

"बोहनी," पद्मजा म्हणाली.

तिने त्याला समजावून सांगितले. सकाळी अप्पांची बोहनी झालेली असेल आणि समोर आपांची व्हायची असेल, तर अप्पा पुढचे गिऱ्हाईक घेत नाहीत. मागितलेले रीळ काउंटरवर दिसत असले तरी म्हणतात, समोर बघा. आपाही तेच करतात. दिवसभरात कुणा एकाकडे गर्दी झाली, तरी तेच. तीस वर्षे हे असेच चालले आहे आणि कुणी ते कधी ठरवलेले नाही.

"म्हणजे पाऊलमापकाला दिसतं," मकरंद सावकाश म्हणाला, "की माणूस एका दुकानात चढला, रिकाम्या हाताने उतरला आणि सरळ समोर गेला."

"रोज. दोन्ही बाजूंनी. त्यातून प्रणाली शिकली की यातलं कुठलंही एक नसलं तरी गिऱ्हाईक बिनबोभाट दुसऱ्यात जातं. अप्पांना वजा केलं तर आपा सांभाळतात, घट शून्य. आपांना वजा केलं तर अप्पा सांभाळतात, घट शून्य."

"आणि चौकातली ती मोबाइलची दोन दुकानं?"

"ते दोघं गिऱ्हाईक घरी जाऊ देतील, पण समोर पाठवणार नाहीत. म्हणून दोघांचेही आधारांक दणदणीत."

मकरंद हसला. पद्मजाचा चेहरा पाहून थांबला. तिने जोड्या आधीच का तपासल्या नाहीत, हे त्याने विचारले नाही. त्याचे उत्तर त्याला ठाऊक होते. एकेक दुकान तपासायला चौदा तास लागत. दोनशे चौदा दुकानांच्या सगळ्या जोड्या तपासायला त्रेसष्ट दिवस, तिघांचे गट तपासायला बारा वर्षे. म्हणून तिने नियम लिहिला होता: एका वेळी एकच. एका वेळी एकच बंदही करा, हे वाक्य लिहायला हवे, असे तिला तेव्हा वाटले नव्हते. इतके उघड काय लिहायचे?

दुपारी ती मंडळाचे उपसंचालक परिमल होनराव यांच्यासमोर बसली होती. होनराव संख्याशास्त्र शिकलेले होते. त्यांनी सत्त्याण्णवचा आलेख नीट पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि मान्य केले की गणित बरोबर आहे.

"पण मॅडम, नोटीस जोडीला जात नाही," ते म्हणाले. "परवाना एकाचा, सुनावणी एकाची, पुरावाही एकापुरताच. हत्तुऱ्यांच्या फायलीत शेखबाईंचं दुकान बंद पडेल असं मी कसं गृहीत धरू? त्यांची सुनावणी व्हायची आहे. आणि शेखबाईंच्या फायलीत हत्तुऱ्यांचं."

"दोन्हींची तारीख एकच आहे, साहेब. सहीही तुमचीच."

"तो योगायोग प्रशासकीय आहे."

तिने विचारले, की मग निदान एकाला सील लावून महिनाभर थांबता येईल का. उरलेल्याचा आधारांक दुसऱ्याच दिवशी शून्यावरून वर गेलेला दिसेल. होनराव म्हणाले, कोणाला आधी लावायचे याला निकष नाही, दोघे अगदी सारखे आहेत, आणि निकषाशिवाय निवड केली तर पक्षपात होईल. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी तिच्या चाचणीचे मनापासून कौतुक केले. बसथांबे, बागा, खुद्द मंडळाची आस्थापना, सगळीकडे आता तीच लावणार होते.

"तुम्हाला पटत नसेल तर परिच्छेद सात आहेच," ते म्हणाले. "परीक्षण समितीच्या तीन तज्ज्ञांपैकी कोणाही एकाने सही केली की स्थगिती. तुम्ही आहात, बिराजदार आहेत, गायधनीबाई आहेत. फक्त अंतिम आदेश निघाल्यावर. आदेश शनिवारी दहाला, सील अकराला. तासभर पुष्कळ झाला की."

गुरुवारी सुनावणी झाली. पद्मजाला तज्ज्ञ म्हणून बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. हत्तुरेअप्पा इस्त्रीचे धोतर नेसून आणि कपाळभर विभूती लावून आले. नसीमआपांना बाहेरच्या बाकावर बसवले होते, कारण सुनावणी एकेकाची होती.

होनरावांनी एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला: तुमचे दुकान बंद झाले तर गिऱ्हाइकांची अडचण होईल का?

पद्मजा पुढे झुकली. हो म्हणा, अप्पा. फक्त हो म्हणा.

"अडचण कशी हुईल ओ?" अप्पांना प्रश्नच अपमानास्पद वाटला. "समोर नसीमआपा हाय की. तिच्याकडं रिळाचे रंग माझ्यापेक्षा चाळीस जास्त. तिच्या तोंडावर कधी म्हणणार न्हाई, पण बाईला अस्तराची पारख हाय. माझं गिऱ्हाईक ती उपाशी ठेवणार न्हाई, साहेब. लिहून घ्या."

होनरावांनी लिहून घेतले. सहीही घेतली.

मग आपा आत आल्या. त्यांनी पदर सावरून सांगितले, की हत्तुऱ्यांसारखा सरळ माणूस पेठेत दुसरा नाही. गेल्या वर्षी आपल्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा तीन आठवडे आपली सगळी गिऱ्हाइके अप्पांनी सांभाळली, एक माणूस परत गेला नाही. तेही लिहून घेतले गेले.

बाहेर आल्यावर पद्मजाचा बांध फुटला. असे कशाला सांगितलेत, तुम्ही दोघांनी आपल्या हाताने आपली दुकाने घालवलीत, असे ती जिन्यातच बोलून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने या दोघांपुढे आवाज चढवला होता.

"मग काय खोटं बोलू व्हय?" अप्पा म्हणाले. "ही बाहेर बसलेली. दार उघडं. तिच्याकडं माल चांगला नसतोय, असं सांगू?"

"बोलले असते तर बघितलं असतं मी," आपा म्हणाल्या. आणि मग, पद्मजाकडे वळून, "पद्मा बेटा, आम्ही एकमेकांना चांगलं म्हटलं, त्यात दुकान कसं काय जातं? हे समजाव मला."

तिला समजावता आले असते. पण तिला लाज वाटली. शनिवारी मी येते आणि सील लागू देत नाही, एवढेच तिने त्यांना सांगितले.

शनिवारी साडेनऊला ती पेठेत पोचली. आदेश आणि सह्यांसाठी मंडळाने दिलेली हातपाटी मांडीवर घेऊन अप्पांच्या दुकानाच्या पायरीवर बसली. मकरंद प्रयोगशाळेत होता. तिसरी तज्ज्ञ तेजस्विनी गायधनी भावाच्या लग्नासाठी लातूरला होती. तीही फोनवर तयार होती. तिघांचे हे नेहमीचेच होते. एकाची रजा, दुसऱ्याची सही. काम कधी अडले नव्हते.

दहाला आदेश हातपाटीवर उतरला. पद्मजाने परिच्छेद सात उघडला, दोन्ही दुकानांचे क्रमांक टाकले, कारण लिहिले, अंगठा टेकवला.

स्वाक्षरी ग्राह्य नाही. पद अस्तित्वात नाही.

तिने पुन्हा टेकवला. मग मकरंदला फोन लावला. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "माझंही तेच येतंय." तेजस्विनीने मांडवाबाहेर येऊन प्रयत्न केला. तिचेही तेच.

तिने होनरावांना फोन लावायला सुरुवात केली. पाऊण तास तो लागत नव्हता. अकराला सील पथकाचे जमादार लोंढे चार माणसे घेऊन आले. ते पेठेतच वाढलेले. मान खाली घालून उभे राहिले. पद्मजा पायरीवरून उठली नाही. शेवटी अप्पांनीच तिच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतले. पोरीला हात लावायची पाळी लोंढ्यांवर आणायची नाही, एवढेच म्हणाले. त्यांनी स्वतः शटर ओढले. लोंढ्यांनी सील लावले आणि समोर गेले. आपा आत रिळे लावत होत्या, त्या बाहेर आल्या.

तेव्हा कुठे होनरावांनी फोन उचलला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. काल संध्याकाळी मंडळाच्या आस्थापनेची वजा-चाचणी झाली, असे त्यांनी सांगितले. एकशे सहा पदे. एकेक वजा करून पाहिले.

"डॉ. येमूल नसल्या तर? बिराजदार किंवा गायधनी सही करतात. तीन वर्षांची नोंद आहे. एकही काम अडलेलं नाही. घट शून्य. बिराजदार नसले तर? येमूल किंवा गायधनी. शून्य. गायधनी..."

"कळलं," पद्मजा म्हणाली. "आणि तिघंही नसलो तर?"

"ते तपासलेलं नाही. एका वेळी एकच, असा नियम आहे, मॅडम."

समोर दुसरे शटर खाली येत होते. ब्लाऊजचे तुकडे हातात घेऊन दोन शिंपी रस्त्याच्या मधोमध थबकले होते. चहावाला बाहेर आला होता, कापडवाले पायऱ्यांवर आले होते. पद्मजाने फोन कानाशी घट्ट धरला.

"साहेब, चाचणीच्या निकालात चूक असेल तर तो दुरुस्त करायचा अधिकार कुणाला आहे? तुम्हाला?"

"मला नाही. मी फक्त अंमलबजावणी करतो. तेही परिच्छेद सातमध्येच आहे." कागद चाळल्याचा आवाज आला. "निकालातील दोष आढळल्यास तो दुरुस्त करण्याचा अधिकार परीक्षण समितीच्या तीन तज्ज्ञांपैकी कोणाही..."

होनराव थांबले.

पद्मजाने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि हात डोक्याच्या वर धरला.

"पहिल्यापासून वाचा, साहेब," ती म्हणाली. "पेठ ऐकतेय."