दिवे खाली करायचे राहिले

हसा, हसा. पुतण्यानं गाडीचं नाक उंच करून आणलंय, सगळ्यांचे फोटो काढून झालेत, आणि हा म्हातारा एकच टकळी चालवतोय, दिवे खाली केलेस का रे? बसा जरा. अंधार पडलाच आहे. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली त्या गाड्यांच्या मिस्त्रीला मी तीस वर्षं ओळखतो, एका ताटात जेवलोय आम्ही.

एका गुरुवारी दुपारी पाण्याचे जार पोचवणारा आपली पिकअप घेऊन त्याच्याकडे आला. गाडीचं तोंड कायम खाली, शेपूट वर. लोक चिडवायचे, "तुझी गाडी काय सांडलेली नाणी शोधते का रे?" मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या बसवल्या, पुढची बाजू दोन इंच उचलली आणि मागच्या बरोबरीला आणली. पाचला काम संपलं.

आता नाक वर गेलं की दिव्यांचा झोतही वर जातो. रस्त्यावर पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. म्हणून दिवे पुन्हा बसवावे लागतात. मिस्त्रीची रीत ठरलेली होती. गाडी मागच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर दिव्याच्या उंचीला चिकटपट्टी लावायची, आणि अंधारात स्क्रू फिरवत झोत पट्टीच्या चार बोटं खाली आणायचा. पण पाच वाजता भिंतीवर ऊन होतं. झोत दिसणार कुठून? जारवाल्याला घाई होती. आणि खरं सांगू? मिस्त्रीनं हात धुतले होते.

"उद्या अंधार पडल्यावर ये," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

अंदाजानं दोन फेरे फिरवले असते तरी चाललं असतं. नाही फिरवले.

त्याच रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी ओढ्याच्या पुलाजवळ मिस्त्रीच्या शेजारच्या टेलरमास्तरांची स्कूटर कठड्यावर आदळली. मास्तर जागीच गेले.

लोक म्हणाले, खडीवरून घसरली असेल. पण सकाळी जारवाला जाता जाता मिस्त्रीला म्हणाला, "काल पुलाजवळ एक स्कूटरवाला डोळ्यांवर कोपर धरून चालला होता. म्हटलं, केवढे नखरे!" तोवर बातमी जारवाल्याच्या कानावर गेली नव्हती. गेली, तेव्हापासून दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देईनात. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

आणि इकडे मास्तरांची बायको येईल त्याला एकच सांगायची. मिस्त्रीलाही सांगितलं. "मीच फोन केला होता हो, भाऊजी. म्हटलं, जेवण निवतंय, लवकर या. मीच घाई केली त्यांना."

मिस्त्री खाली मान घालून चहा प्यायला आणि घरी आला. मला हे सांगताना ढसाढसा रडला होता. "माझं पाप मी तिला वाहू दिलं रे," म्हणाला. "पंधरा दिवस."

पंधरवडा उलटल्यावरच्या शुक्रवारी, रात्री आठला, जारवाल्यानं गाडी भिंतीसमोर लावली, किल्ली ठेवली आणि निघून गेला. थांबला नाही. मिस्त्री एकटाच. त्यानं दिवे लावले. झोत पट्टीच्या किती तरी वर. भिंतीकडे पाठ करून तो बॉनेटखाली वाकला, डावा स्क्रू फिरवला आणि झोत किती खाली आला ते बघायला वळला.

भिंतीवर सावली होती.

माणसाची. डोळ्यांवर कोपर धरलेली.

आपलीच असेल, म्हणून तो बाजूला सरकला. सावली सरकली नाही. गाडी आणि भिंतीच्या मध्ये... कुणी नव्हतं.

पळाला का? नाही. घाबरलेला माणूस हाताला सवय असते तेच करतो. तो पुन्हा वाकला. डावा स्क्रू. उजवा स्क्रू. वळून पाहिलं. झोत पट्टीखाली, बरोबर चार बोटं. वर सगळा अंधार.

सावली तेवढीच. अंधाराहून काळी.

"मास्तर... चुकलं माझं."

कोपर तसंच.

"माफ करा, मास्तर..."

तसंच.

"वहिनींना सांगतो. उद्या... उद्या सकाळी सांगतो."

काही नाही.

"आत्ता जातो."

कोपर खाली आलं. हळूहळू.

चेहरा दिसला का? ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही.

दिवे तसेच जळत सोडून तो निघाला. नऊला पाच कमी असताना मास्तरांच्या दारात उभा होता. चकत्यांपासून कोपरापर्यंत सगळं सांगितलं. भिंतीवरचं तेवढं सांगितलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे... माझा फोन नव्हे?"

"नाही, वहिनी. माझे दिवे."

तिनं चौकटीला डोकं टेकलं आणि रडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोकळी रडली असावी. मिस्त्रीला वाटलं, ती आपल्याला शिव्या देईल, निदान एक थोबाडीत तरी मारेल. तिनं काहीच केलं नाही. ते त्याला जास्त लागलं. तो जायला वळला.

"थांबा, भाऊजी."

तो थांबला.

"तुमच्या पाठीवर... ही रेघ कुणी मारली?"

कामाचा शर्ट होता अंगात. पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, निळ्या खडूची रेघ. सरळसोट. शेवटाला बारीक फुली.

ती जवळ आली. बोटानं फुलीला हात लावला. बोट निळं झालं.

"कापडावर अशी फुली तेच मारायचे," ती म्हणाली. "पण तो खडू... त्यांना नेताना मीच त्यांच्या खिशात ठेवला होता. तो त्यांच्याबरोबर गेला, भाऊजी."