परतू का?

कशेळ्याहून कर्जतला निघालेल्या जीपमध्ये एका अनोळखी तरुणाने मसाल्याची बरणी सरळ नम्रताच्या मांडीवर ठेवली.

“धरता का जरा? फुटली तर आई घरात घेणार नाय.”

“आणि माझ्या ड्रेसवर सांडली तर?”

“मग... तुमच्या घरी येऊन माफी मागीन.”

नम्रताने तोंड खिडकीकडे फिरवलं, पण हसू काही लपलं नाही.

त्याचं नाव प्रबुद्ध. माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात नुकताच लागलेला, आणि स्वयंपाकाच्या नावाने बोंब! नम्रता दहिवलीत वहिनीबरोबर जेवणाचे डबे करायची. हे कळल्यापासून त्याचा फोन रोज ठरलेला.

“कांदा टाकला. परतू का?”

“थांब रे, तेल तापू दे.”

“आता?”

“आता परत. हळू... भांडू नको त्याच्याशी!”

पुढे तो गोव्याला, मोठ्या हॉटेलात गेला. फोन चालूच राहिले. तिथला शेठ दोन वर्षं थांबायचा कागद पुढे करत होता. “बघू,” तो म्हणाला होता. “बघ,” तीही म्हणाली होती. याहून जास्त बोलायला दोघांची जीभ रेटली नाही.

परवा आवाज तुटत तुटत आला, “...नम्रता, परतू का?”

इकडे डब्यांची घाई, कुकरची शिट्टी. “इतक्यात नको. थांब,” ती सवयीने म्हणाली. फोन कट झाला — आणि मग बंदच.

“भांडलात का गं?” रूपावहिनीने शेवटी विचारलं.

“नाय गं. कांदा परतू का म्हणाला, मी नको म्हटलं.”

वहिनीचे कणीक मळणारे हात थांबले. “कांदा म्हणाला तो?”

नम्रता आठवू लागली... कांद्याचं नावही त्याने काढलं नव्हतं!

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दुपार कलताना एकदाची रिंग गेली.

“सही केलीस?”

“तूच थांब म्हणालीस ना.”

“अरे, मला वाटलं कांदा...!”

पलीकडून दबलेलं हसू.

“हसू नको रे! सांग, केलीस का?”

“पेन हातात घेतलं होतं...”

“मग?”

“शेठला म्हटलं, घरी विचारून सांगतो.”

“विचारलंस घरी?”

“आता विचारतोय की.”

“ये,” ती म्हणाली. एवढासा शब्द, पण कुकरच्या शिट्टीत तो हरवू नये म्हणून तिने आधी गॅस बंद केला होता.